मला आडवं कोण धरणार?

मी पाइप बोलतोय. लाल रंगाचा, मनगटाहून जाड, ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारामागच्या एका नव्याकोऱ्या मंगल कार्यालयाच्या छताखाली पसरलेला. जिलबीची वाट बघता बघता पंगतीतला एखादा वर बघतो, "हे काय आहे?" असं विचारतो, आणि उत्तर यायच्या आत जिलबी येते.

तर उत्तर असं. मी आग विझवणारा पाइप आहे. माझ्या पोटात बाराही महिने पाणी असतं आणि अंगावर ठरावीक अंतरावर स्प्रिंकलर बसवलेले असतात. खाली आग लागली की तिच्यावरचा स्प्रिंकलर तापून उघडतो आणि मी बरसतो. जन्मभर एका गोष्टीची वाट बघायची आणि ती घडू नये म्हणून प्रार्थनाही करायची, अशी माझी नोकरी. रजा नाही, बढती नाही.

पोलादाची पट्टी गोल वळवून मला घडवलं, रंगवलं आणि ट्रकने शहरातल्या पडाव भागात आणून उतरवलं. तिथे हमालांनी माझ्यावर बसून चहा प्यायला. माणसाच्या उपयोगी पडल्याचं समाधान मला आतापर्यंत तेवढंच.

मला छताला टांगलं तेव्हा सगळे खूश झाले. फक्त एका मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. ती प्रांजली. आगीपासून बचावाची यंत्रणा आखणाऱ्या कंपनीत नोकरीला लागून तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यामुळे नियम पाळण्यासाठी असतात, असा तिचा अजून समज होता.

"हा नुसता लटकलाय," ती म्हणाली. "याला धरलंय कुणी?"

खरंच होतं. छतातून आलेल्या सळ्या माझं वजन पेलतात. पण बाजूने धक्का आला तर मी झोपाळाच. म्हणून तिने नकाशात तिरके लोखंडी आधार काढले होते. त्यांना ब्रेस म्हणतात. काही मला डावीउजवीकडे जाऊ देणार नाहीत, काही पुढेमागे. शिवाय मी भिंतीतून आरपार जातो तिथे माझ्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडायची होती. भिंत हलली तरी तिने माझा गळा धरू नये म्हणून.

ती मोकळी जागा प्लंबिंगचे ठेकेदार तुकोजी यांनी सिमेंटने लिंपून टाकली. "भोक दिसत होतं मॅडम. लोक म्हणतील काम अधुरं सोडलं." आणि ब्रेस? ते पोत्यात बांधून भांडारघरात, बटाट्यांच्या शेजारी.

त्याचं कारण झुंबर. कार्यालयाचे मालक जयसिंहराव सरदार घराण्यातले. पणजोबांनी तलवार गाजवली, आजोबांनी नाव गाजवलं, जयसिंहरावांच्या वाट्याला गाजवायला झुंबर उरलं. ते त्यांनी हॉलच्या बरोबर मधोमध, बोहल्याच्या वर टांगलं. दोन ब्रेस नेमके तिथूनच जाणार होते. मग बाकीचे दहा तरी कशाला, नाहीतर जोडी विजोड दिसेल! असा थोर विचार फक्त माणसालाच सुचतो.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन खात्याची तपासणी होती. त्यासाठी प्रांजलीचं सही केलेलं प्रमाणपत्र हवं होतं. आणि पुढच्या शुक्रवारी याच हॉलमध्ये, याच झुंबराखाली, जयसिंहरावांच्या एकुलत्या एका मुलीचं, उन्नतीचं लग्न होतं. चारशे पानं.

"कर बेटा सही," जयसिंहराव म्हणाले. "तुझ्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. सही नसेल तर ते दुसरी मुलगी बघतील."

"ब्रेस लावा काका, आत्ता करते."

"अरे यार, हे ग्वाल्हेर आहे. इथल्या राजवाड्यात झुंबर टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून बघितले होते म्हणतात. तेव्हा कुठे होते तुझे ब्रेस?"

"हत्ती वरून खाली दाबतो, काका. भूकंप आडवा येतो."

"भूकंप इथे येतच नाही."

"मागे पंखे हलले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर मैदानात," जयसिंहराव प्रामाणिकपणे म्हणाले.

तुकोजींना राहवलं नाही. ते शिडीवर चढले, दोन्ही हातांनी मला धरून लोंबकळले आणि वरून ओरडले, "देखो मॅडम! नव्वद किलो! हिला क्या?"

मी हललो नाही. नव्वद किलोचा अपमान मी निमूट सोसला. जयसिंहरावांनी टाळी वाजवली आणि पेन पुढे केलं.

प्रांजलीचा चेहरा लाल झाला. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. तिने पेन घेतलं नाही. "धक्का बसला, वायर तुटली, आग लागली आणि नेमका त्याच धक्क्याने हा पाइप निखळून पडलेला असला, तर काय करायचं?" ती म्हणाली. "उन्नतीताईंना नुसता लाल रंग दाखवायचा?"

जयसिंहरावांच्या आई विजयाबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून अक्षतांच्या पुड्या बांधत होत्या. प्रांजली त्यांच्याकडे गेली. जाळी काढायचा लांब बांबू भिंतीला टेकला होता, तो तिने त्यांच्या हाती दिला.

"आजी, जरा त्या पाइपाला बाजूने ढकलता? झोका देतात तसं. हळूच."

"आईसाहेब, नको!" जयसिंहराव म्हणाले. पण आईसाहेबांना कुणी झोका द्यायला सांगितलं की त्या थांबत नसत.

पहिल्या झोक्याला मी वीतभर सरकलो. दुसऱ्याला त्याहून जास्त. तिसऱ्याला माझा स्प्रिंकलर झुंबराला लागला आणि काचेचे तीन लोलक खणखणत फरशीवर पडले. चौथ्याला सिमेंटने आवळलेल्या भिंतीपाशी माझा सांधा कुरकुरला आणि पोटातलं काळं, वास मारणारं पाणी बारीक धारेने जयसिंहरावांच्या पांढऱ्या जोधपुरीवर उतरलं. मला मनापासून वाईट वाटलं, असं मी म्हणणार नाही.

विजयाबाईंनी बांबू खाली ठेवला.

"सत्याहत्तर वर्षांची मी. गुडघे दुखतात. मी ढकललं तर ही गत. धरणी ढकलेल तेव्हा रे?"

"पण आईसाहेब, झुंबर..."

"उतरव."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून जातील. पोर आपली आहे."

तुकोजींनी शिडी झुंबराखाली सरकवली. काम बटाट्यांपासून सुरू झालं. दोन दिवस मला बारा तिरके हात फुटत होते. भिंतीतलं सिमेंट फोडताना तुकोजी स्वतःच्याच कारागिरीला शिव्या घालत होते. तपासणी लांबली, प्रांजलीच्या साहेबांनी तिला फोनवर सुनावलं. तिने प्रत्येक ब्रेस हाताने हलवून बघितला आणि मग सही केली.

शुक्रवारी लग्न लागलं. पाहुण्यांनी विचारलं, "झुंबर कुठाय?" जयसिंहराव म्हणाले, "पॉलिशला." संध्याकाळपर्यंत ते माझ्याकडे बोट दाखवून "ही माझीच आयडिया" असंही सांगू लागले. सांगू देत. खाली उन्नती हसत होती आणि मी जागचा हलणार नव्हतो.

लोकहो, माझं निभावलं. आता प्रांजलीला शहरातल्याच हजीरा भागात, दुकानांच्या एका चार मजली इमारतीत पाठवलंय. तिथले मालक म्हणालेत, "यहाँ भूकंप-वूकंप नहीं आता, तुम बस साइन करो." माझा भाऊ तिथे नुसत्या सळ्यांवर लटकलाय आणि ती मुलगी हातात नकाशा घेऊन एकटी उभी आहे.

तिथे विजयाबाई नाहीत. तुम्ही येता का?