तापीमायच्या पाण्याचा जाळ

चांदनी गावच्या मैदानात त्या सकाळी एवढी गर्दी लोटली, की केळीच्या गाड्या रस्त्यातच अडकल्या. पुढे जलज्योत महाराज. जटा अशा, की आत कावळ्यानं पिलं घातली असती तरी महाराजांना पत्ता नसता. त्यांनी मडक्यात तापीचं तांब्याभर पाणी ओतलं, काडी दाखवली, अन् भप्पकन जाळ उठला.

"तापीमाय कोनाची लेक? सूर्याची. मंग तिच्या पान्यात आग नाही, तो क्या बरफ राहेगा?" महाराज म्हणाले. "सायन्सवाले ह्यालेच हायड्रोजन म्हनतात. आता पेट्रोल बंद, सिलिंडर बंद. घरोघरी आपली कोठी."

कोठी म्हणजे महाराजांशेजारी ठेवलेलं घट्ट झाकणाचं लोखंडी पिंप, वर बोटभर भोक. गर्दीतल्या रंभाबाईचा जीव त्या भोकात अडकला होता. कारण ते पेटवायला महाराजांनी तिच्या सुनेला, पल्लवीला बोलावलं होतं. पल्लवीला सातवा महिना.

"दोन जिवांचीच पाहिजे. मागं हटली तं माय पोटावर कोपते," महाराजांनी बजावलं.

नाही म्हणावं तर पोटातलं लेकरू, हो म्हणावं तर हा जाळ. पल्लवी काडीपेटी घेऊन कोठीकडे निघाली.

तेवढ्यात रंभाबाईची भाची ज्योत्स्ना गर्दीतून घुसली. राजपुऱ्यात शाळेवर विज्ञान शिकवायची.

"मावशी, वास आला?"

"उदबत्तीचा."

"त्याच्याखालचा घे."

रंभाबाईनं नाक वर केलं. लसणासारखा उग्र. "हा तं केळी पिकवायच्या खोलीतला."

बंदी येण्याआधी कच्च्या केळ्यांखाली कार्बाईडच्या पुड्या ठेवायचे, तोच वास. मैदानातल्या प्रत्येक नाकाला ओळखीचा. पण उदबत्तीच्या धुरात सगळे त्यालाच देवाचा सुगंध म्हणत होते.

"कार्बाईड ओलं झालं की गॅस सुटतो. बंद कोठीत गॅस आन् हवा दोन्ही कोंडलेत. काडी लागली की कोठी फुटंल, मावशी."

रंभाबाई धावली. सुनेचं मनगट धरलं.

"महाराज, पहिली काडी तुमी लावा."

"आम्ही संन्यासी. आग लावत नाही."

"मघाशी मडकं काय तुमच्या सासऱ्यानं पेटवलं?"

महाराज दोन पावलं मागे सरकले. ते पाहून गर्दीही सरकली. केळीगाडीवाला लोटू विडी ओढत कोठीपाशी उभा होता, ज्योत्स्नानं त्याला आधी हाकललं. सगळ्यांना गाड्यांमागे पाठवलं, पोलिसांना फोन लावला.

मग दूर, मोकळ्यावर, तिनं त्याच तांब्यातलं पाणी कोऱ्या मडक्यात ओतलं. काडी चुर्र करून विझली. महाराजांच्या झोळीतला कार्बाईडचा करडा खडा त्यात टाकला, लांब काठीनं पेटवलं. जाळ उठला, वर काळाकुट्ट धूर.

"हायड्रोजनला काजळी नसते. दिवसा त्याची ज्योत धड दिसतही नाही."

"म्हंजे पान्यातून गॅस निघतच नाही का?" लोटूनं विचारलं.

"निघतो ना. सोलरची वीज पाण्यात सोडली की हायड्रोजन निघतो, त्याच्यावर गाड्याही चालतात. पण घातली त्याहून जास्त शक्ती परत मिळत नाही. मंत्रानं तर फुंकरभरही नाही."

रंभाबाईनं सुनेला सावलीत बसवलं. मग गर्दीकडे वळून बोलली.

"पोटावर कोप होईल म्हने, तेवढ्याच्यानं मी माही सून आगीम्होरं धाडत होती. बायांनो, कोनी भेव दाखवलं की पाय उचलू नका. काहून, ते विचारा. आन् त्यालेच म्हना, तू आधी करून दाखव."