फक्कीची रेघ

श्रावणातल्या लोंढ्यात सोजरबाईंची निरगुडी टिकली, हे शंकररावांना मधल्या सुट्टीत कळले. आणि उरलेल्या दोन्ही तासांना त्यांनी मुलांना नुसते पुस्तक वाचायला लावले.

शिरूरच्या हायस्कुलात ते पंधरा वर्षे जीवशास्त्र शिकवीत होते. बाहत्तरच्या दुष्काळात घोड नदीचा काठ उघडा पडला. बाभळी सरपणाला गेल्या, वाळू गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांवर गेली, आणि शहात्तरच्या पुराने काठ इतका खचवला, की नव्या घरांची कुंपणे अधांतरी लोंबू लागली. तेव्हा काठ झाडांनी बांधून काढायचे पालिकेने ठरवले. वरचा तुकडा शंकररावांकडे आला. खालचा, दुष्काळी कामावर बांध घालून हात बसलेल्या सोजरबाईंकडे.

शंकररावांनी ड्रॉइंग पेपरवर नकाशा काढला, दोरी धरून तीनशे करंज लावले. कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे ते करंज. लोंढा आला आणि रांगाच्या रांगा घेऊन गेला. आता ते भीमेत पोचले असतील. सोजरबाईंनी काहीच उभे केले नव्हते. निरगुडीच्या काड्या त्यांनी आडव्यातिडव्या, शेंडा धारेच्या दिशेने करून चिखलात खोवल्या होत्या. पाणी त्यांच्यावरून गेले, गाळ तेवढा मागे ठेवून.

"हाताला गुण हाय बाईच्या," लोक म्हणू लागले. बौद्धवस्तीतल्या विहारापुढची मेंदीही त्यांचीच, हे आता साऱ्या गावाला आठवले. शंकररावांना तो 'गुण' हा शब्द बोचे. आपल्याकडे पदवी होती, नकाशा होता. गुण मात्र नदीने दुसरीकडेच ठेवला होता. यात जातीचा काही संबंध नाही, असे ते स्वतःला बजावीत. ते वारंवार बजावावे लागते, हेही त्यांना कळत होते. संध्याकाळी ते पलीकडच्या थडीवर जाऊन बसत आणि तो हिरवा पट्टा बघत. दुसऱ्याच्या अंगणातला दिवा बघावा तसा, विझेल या आशेने.

भाद्रपद सरत आला, इकडचा भादवी पोळा दोन दिवसांवर आला. पालिकेचे सदस्य बापूसाहेब शाळेत आले.

"मास्तर, स्मशानापर्यंतचा सगळा काठ आता एकाच हातात द्यायचा म्हणतोय. पोळा झाला की ठरवू. आन् उद्या खांदेमळणी. बैलं धुवायची जुनी उतरण पुरानं खाल्ली. तुम्ही शिकलेलं माणूस, नवी वाट आखून द्या. दोनशे जोड्या येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरराव पाटीभर चुन्याची फक्की घेऊन नदीवर गेले. वरच्या अंगाला त्यांचा स्वतःचा तुकडा मोकळाच पडला होता. तिथून बैल उतरले असते तर कोणाचेच काही बिघडले नसते. ते थोडा वेळ थांबले. मग खाली गेले, आणि सोजरबाईंच्या निरगुडीमधून नदीपर्यंत पांढरी रेघ ओढली.

सोजरबाई काठावर शेवरीचे बी टोचीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"गुर्जी, हितनं?"

"इथे उतार सोपा आहे."

त्यांनी रेघेकडे पाहिले, वरच्या मोकळ्या तुकड्याकडे पाहिले, आणि पुन्हा बी टोचू लागल्या.

दुपारी बैल आले. घुंगरांच्या, हाकांच्या, शेपट्यांच्या गदारोळात निरगुडी दिसेनाशी झाली. कुणीतरी हसून ओरडले, "आरं मामा, आवर की त्याला! त्यो धुवाय आलाय का लोळाय?" ओल्या चिखलात खूर घोट्यापर्यंत रुतत होते. संध्याकाळी थकलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायला बैल घरी परतले, तेव्हा हिरव्या पट्ट्याच्या जागी काळा राडा उरला होता. शंकररावांना हलके वाटले. त्या रात्री त्यांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

त्यानंतर पाऊस परतून आला, नदी चार दिवस काठावर चढली, आणि बापूसाहेबांची बैठक दिवाळीपलीकडे गेली.

ती भरली थेट काठावरच. शंकरराव उतरले आणि जागीच थबकले. निम्म्या काड्या मोडून गेल्या होत्या. पण उरलेल्या, खुरांनी चिखलात दाबल्या गेलेल्या, वर गाळ बसलेल्या फांद्यांना पेरापेरातून कोंब फुटले होते. जिथे एक झाड होते तिथे सहा उभी होती. दाबकलम! दरवर्षी ते फळ्यावर त्याची आकृती काढीत. वाकवलेली फांदी, वर माती, खाली मुळे. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता तो.

"ह्ये गुर्जींमुळं झालं," सोजरबाई बापूसाहेबांना सांगत होत्या. "बैलं हितनं त्यांनीच घातली. काठ त्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

बापूसाहेबांनी पाठ थोपटली. "मास्तर, मानलं बुवा!"

हवी होती ती गोष्ट हातात आली होती, आणि ती शंकररावांना धरवेना. निरगुडीचा हेवा त्यांना करता आला होता. या सहज देऊन टाकण्याचा हेवा कसा करावा, हे कळत नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "बापूसाहेब, बैलं मी निरगुडी वाढवायला नव्हती घातली. तुडवायला घातली होती."

बापूसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ठावं हाय मला," सोजरबाई म्हणाल्या. "वरचा तुमचा तुकडा मोकळा आसताना रेघ हितनं आली."

"मग अडवलं का नाहीत?"

"आडवलं आसतं, तर कुणाचं ऐकलं आसतं? माझं का तुमचं?" त्यांनी कमरेचा कोयता काढला. "रडले म्या त्या राती. पर उगवलं त्ये उगवलं. त्ये का तुमचं म्हणून उपटू?"

काठ सोजरबाईंकडे गेला. हाताखाली काम करायची परवानगी शंकररावांनी स्वतःच मागितली. बापूसाहेब हसले; सोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी काड्यांची एक मोळी तोडून त्यांच्यापुढे टाकली.

शंकररावांनी पहिली काडी सवयीने ताठ उभी खोवली.

"आडवी, गुर्जी. शेंडा खालच्या अंगाला."

त्यांनी ती उपटून पुन्हा लावली. सूर्य कलेपर्यंत दोघांनी शेजारी शेजारी दोन ओळी पुऱ्या केल्या. सोजरबाई पाण्यावर हात धुवायला गेल्या, तेव्हा शंकररावांनी रुमालाच्या काठाचा धागा ओढला आणि आपल्या पहिल्या काडीला खूण म्हणून बांधला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते नदीवर होते. कोंब फुटायला अजून पंधरा दिवस होते, हे त्यांना पाठ होते. तरी वाकून आधी त्यांनी सोजरबाईंची ओळ पाहिली: तिला कोंब आपल्याआधी तर नाही ना फुटला?