डाव्या बाजूने

“साहेब, आजीला त्या कानाने ऐकू येत नाही.”

कॅमेरा थांबला. दाराला उजवा कान लावून उभी असलेली मालिकेतली आजी, म्हणजे आजीचं काम करणारी ताई, तशीच वाकलेली राहिली. नव्या साहेबांनी खुर्चीतूनच मान वळवली.

“कोण बोललं?”

“वहीवाली,” कुणीतरी म्हणालं.

आधीच्या प्रसंगात कप कुठल्या हातात होता, खिडकी उघडी होती की बंद, पट्टी कुठल्या बोटाला होती, हे टिपून ठेवायचं आणि चुकलं की सांगायचं, हे वहीवालीचं काम. सात वर्षं ती तेच करत होती. “दुसऱ्यांच्या चुका काढते, वर त्याचा पगार घेते,” असं तिची आई कौतुकाने शेजारणींना सांगायची.

“भाग बारा, पान एकोणीस,” तिने वही उघडली. “लहानपणी तापात उजवा कान गेला. घरातले सगळे तिच्याशी डावीकडून येऊन बोलतात.”

“आणि आज भाग कितवा?”

“सहाशे चाळीस.”

“मग? बारावा भाग कोणाच्या बापाला आठवतोय?”

सगळे हसले. दीड महिन्यापूर्वी आधीच्या दिग्दर्शिका बाईंना काढलं तेव्हा डोळे पुसणारी हीच माणसं.

मालिका बाईंची होती. गोष्ट कुठे जाणार, कोण काय बोलणार, कोण कुठे गप्प राहणार, सगळं त्या ठरवायच्या. संवादांच्या मध्ये त्या कंसात एकच शब्द लिहायच्या: ‘थांबते’. त्या थांबण्यात बघणारा हातातलं काम सोडून पडद्याकडे बघायचा. वाहिनीने त्यांना निरोप देऊन साहेबांना आणलं आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळे ‘थांबते’ खोडले. आता तिथे धाडकन संगीत आदळायचं आणि एकच चेहरा तीन-तीनदा पडदाभर व्हायचा. रुसणारी सून दुधात औषध मिसळू लागली. आणि सगळ्यांच्या शर्टांची बटणं लावून देणारी आजी आज दाराला कान लावून उभी होती.

तो कान वहीवालीच्या आईचा होता. एकदा सेटवर बाईंसोबत जेवताना वहीवाली सहज म्हणाली होती, “आमच्या घरी भांडायचं तरी आधी उठून आईच्या डावीकडे जावं लागतं. तेवढ्यात निम्मा राग उतरतो.” बाईंचा घास हातातच राहिला. “हे मी घेऊ? आईंना विचारशील?” विचारलं होतं त्यांनी! आईने निरोप धाडला, “घे म्हणावं. मला तरी कुठे उपयोग आहे त्याचा!” तेव्हापासून संध्याकाळी सात वाजले की आई टीव्हीपुढची जागा सोडत नसे.

“मी दुसऱ्या बाजूने उभी राहते ना,” ताई हळूच म्हणाली. “डावा कान लावते.”

“दिवे हलवायला तास जाईल.” साहेब बोलता बोलता थबकले आणि त्यांचे डोळे चमकले. “त्यापेक्षा असं करू. हिला पहिल्यापासून सगळं ऐकू येत होतं. इतकी वर्षं नाटक करत होती म्हातारी! काय वळण आहे!”

वहीवालीची कानशिलं तापली. एक दिवा हलवायचा कंटाळा, म्हणून एका बाईला जन्माची खोटारडी ठरवायचं?

“भाग दोनशे सात,” तिचा आवाज चढला. “नातू तान्हा असताना ती रात्रभर उजव्या कुशीवर झोपते. चांगला कान वर राहावा, तो रडला तर ऐकू यावं म्हणून. कूस बदलत नाही, हात मुंग्यांनी बधिर होतो तरी. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, साहेब. कोणासाठी नाटक करत होती?”

या वेळी कोणी हसलं नाही.

“तुमचं काम टिपायचं,” साहेब म्हणाले. “टिपा.”

तिने टिपलं. ‘आजी उजव्या कानाने ऐकते. चूक. सांगितली होती.’ आणि खाली सही केली. सात वर्षांत तिने वहीत कधी सही केली नव्हती.

“अहो, ती वही वाहिनीकडे जाते,” साहेबांचा मदतनीस कुजबुजला. “शेवटचं तेवढं खोडा.”

“खोडणार नाही. पान फाडायचं तर फाडा. पानांना नंबर आहेत.”

चार दिवसांनी तो भाग लागला. “आज नको बघू, चल, पाय मोकळे करून येऊ,” ती आईला म्हणाली होती. “सातची संपू दे,” आई म्हणाली आणि सोफ्यावर बसली.

धाडकन आवाज झाला. पडद्यावर कान आला. तीनदा.

“हिला ऐकू येत होतं?” आईने विचारलं.

“हो,” वहीवाली म्हणाली. पण ती आईच्या उजवीकडे बसली होती. आईपर्यंत ते पोचलंच नाही. ती उठली, वळसा घालून डावीकडे आली. “हो गं.”

“म्हणजे ती सगळी माणसं उगीचच उठून यायची. एवढी लांबून.”

आई थांबली. मग कसनुसं हसली.

“मी नाटक नाही हं करत.”

“आई!”

“नाही, आपलं सांगितलं.” तिने टीव्ही बंद केला. “तू बस तिकडेच, उजवीकडे. दमून येतेस. मी वळवीन मान.”

वहीवाली हलली नाही. सोफ्याच्या डाव्या कडेला टेकायला वीतभरच जागा होती. ती तिथेच बसली.