एकशे अठ्ठावीसचा साक्षात्कार

रविवारी दुपारी त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकान कॉम्प्युटरचं, पण गर्दीच्या चेहऱ्यावरचा भाव असा, की माणसं चपला बाहेर काढून आली आहेत की काय, अशी शंका यावी. टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. दोन्हींवर एकच गेम चालू होता. घाटातल्या वळणांवरून सुसाट सुटलेली मोटार. म्हणजे उजवीकडची सुसाट. डावीकडची दर वळणावर अडखळत होती, धापा टाकत होती, मध्येच थिजत होती.

"दोघं जुळे भाऊ!" दुकानदार हात पसरून म्हणाला. "प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच. फरक फक्त मेमरीचा. डाव्याच्या पोटात सोळा जीबी, उजव्याच्या पोटात एकशे अठ्ठावीस. डोळे उघडा आणि बघा!"

लोकांनी डोळे उघडले. तोंडंही उघडली.

या गृहस्थांना सगळे मेमरीमहाराज म्हणत. गेम अडकतो? मेमरी कमी. पडदा काळा पडतो? मेमरी कमी. एका काकूंचा प्रिंटर कागद खात होता. महाराजांनी त्यांनाही मेमरीच दिली. "आता कमी खातो हो," असं काकू भरल्या डोळ्यांनी ज्याला त्याला सांगत होत्या.

मी तिथे गेलो होतो माझी थोरली बहीण आणि भाची यांच्याबरोबर. भाचीने पोरांच्या शिकवण्या घेऊन, एकेक भाग जमवून आपला कॉम्प्युटर स्वतः जुळवला होता. पण कॉलेजांच्या गेमिंग स्पर्धेत तिचा संघ अंतिम सामन्यात हरला आणि सोबत्यांनी खापर तिच्यावर फोडलं. "ऐन मोक्याला तुझं यंत्र अडकतं. मेमरी वाढव, नाहीतर आम्ही दुसरी खेळाडू बघतो." चार दिवस ती धड जेवली नव्हती. आज ती आपलं ग्राफिक्स कार्ड टॉवेलात गुंडाळून घेऊन आली होती. कारण महाराजांची योजनाच तशी होती: चांगलं कार्ड त्यांना द्यायचं, बदल्यात ते ढीगभर मेमरी आणि वर कामचलाऊ कार्ड देणार.

"अहो, पण गेमचं चित्र तर कार्डच काढतं ना?" मी विचारलं.

महाराजांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मामा, कार्ड म्हणजे शरीर. मेमरी म्हणजे आत्मा. शरीराचा मोह किती धरायचा?"

गर्दीतून 'वा' निघाली. भाचीने टॉवेल सोडायला घेतला.

ताई शाळेत विज्ञान शिकवते. आता पुढे होऊन तिने विचारलं, "फरक फक्त मेमरीचा, असं म्हणालात ना?"

"शंभर टक्के!"

"मग दोघांच्या मेमरीची अदलाबदल करा. एकशे अठ्ठावीस डावीकडे, सोळा उजवीकडे. डावा पळायला लागला, की आमचं कार्ड तुमचं."

महाराज हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "ताई, मेमरी यंत्रात रुजते. अशी उपटून लावायची नसते."

"मग गिऱ्हाइकांना कशी लावता? रुजलेलीच?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. एक काका मात्र चिडले. त्यांनी आदल्याच आठवड्यात एकशे अठ्ठावीस बसवून घेतली होती. "बाई, तुम्हाला नसेल घ्यायची तर नका घेऊ. आमच्या श्रद्धेत कशाला नाक खुपसता?"

"काका, तुमची श्रद्धा खरी ठरली तर तुमचाच फायदा," ताई म्हणाली. "बघू तर द्या."

आता 'बदला, बदला' असा गलका झाला. महाराजांना मागे सरावं लागलं. भाचीने दोन्ही यंत्रं बंद केली, वायरी काढल्या, बाजूची झाकणं उघडली आणि मेमरीच्या पट्ट्या अलगद उपसून इकडच्या तिकडे बसवल्या. बटण दाबलं. दोन्ही पडदे काळे. क्षण गेले, मिनिट गेलं, पडदे काळेच.

"रुसली!" महाराजांना कंठ फुटला. "सांगत होतो मी!"

काकूंनी हात जोडले.

"रुसली-बिसली नाही," भाची म्हणाली. "पट्ट्या बदलल्या की पहिल्यांदा ओळख पटवायला वेळ लागतो." आणि खरोखरच दोन्ही पडदे उजळले.

गेम सुरू झाला. उजवा सोळा जीबीवर तस्साच सुसाट. डावा पोटात एकशे अठ्ठावीस घेऊनही तस्साच धापा टाकणारा. भाचीने डाव्याच्या पडद्यावर मेमरीचा वापर उघडून दाखवला. गेम आणि बाकी सगळं धरून तेरा जीबीसुद्धा लागत नव्हते.

"मग उरलेली काय करतेय?" ताईने विचारलं.

बहुधा ती ध्यानाला बसली असावी.

"पण मग हा डावा अडखळतो का?" चिडलेल्या काकांचा आवाज आता वेगळा होता.

मघाशी वायरी काढताना कुठली कुठे होती ते भाचीने पाहिलं नव्हतं, आणि परत जोडल्या होत्या महाराजांनी, भारी लगबगीने. तिने डावा कॉम्प्युटर वळवून त्याची पाठ गर्दीकडे केली. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डात नव्हतीच. ती वरच्या भोकात, मदरबोर्डाच्या जोडणीत खोचलेली होती. एवढं दणकट कार्ड आत बसून होतं, आणि चित्र काढायचं काम प्रोसेसरमधल्या चिमुकल्या भागावर पडलं होतं. भाचीने वायर उपसली, खाली कार्डात लावली आणि गेम पुन्हा चालू केला. डावी मोटार घाटातून अशी सुटली, की काकू दचकून मागे सरल्या.

इतका मोठा साक्षात्कार, आणि तो राहत होता एका वायरीच्या टोकाला!

"मग मेमरी लागते तरी किती?" काकांनी विचारलं.

"मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा," ताई म्हणाली. "ओटा अपुरा असेल तर दर वेळी कपाटाकडे धावावं लागतं, काम रखडतं. आठ जीबीवर हल्लीच्या गेमचं तसंच होतं. सोळावर बहुतेक गेम नीट चालतात. खेळताना रेकॉर्डिंग करायचं, ब्राउझर उघडा ठेवायचा, तर बत्तीस घ्या, निवांत राहा. त्यापुढे मैदानाएवढा ओटा बांधलात, म्हणून स्वयंपाक लवकर होत नाही."

भाचीने टॉवेलाची गाठ पुन्हा घट्ट बांधली. काका आपली मेमरी परत करायला काउंटरवर गेले. काकू मात्र म्हणाल्या, "माझा प्रिंटर काही तुमच्या घाटातून जात नाही." श्रद्धेला वायर नसते, त्यामुळे ती उपसताही येत नाही.

घरी येऊन भाचीने आपलं यंत्र तपासलं. मेमरी पुरून उरत होती. पंख्यात मात्र धुळीचा गालिचा साचला होता. यंत्र तापलं की रखडायचं. तिने तो साफ केला आणि त्या अंतिम सामन्याचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून पाहिलं.

"आई, दोनदा यंत्र अडकलंय," शेवटी ती म्हणाली. "बाकी सगळीकडे मीच चुकलेय."

मला वाटलं, आता रडणार. पण तिने खुर्ची पुढे ओढली आणि सरावाला बसली.

महाराजांचं दुकान नुसत्या वायरीवर चालत नव्हतं. दोष आपला नाही, यंत्राचा आहे, हे ऐकायला आपण आतुर असतो, त्यावर ते चालत होतं. म्हणून एवढंच सांगतो: 'फरक फक्त याचाच' असं कोणी म्हणालं, तर तेवढंच बदलून दाखवा म्हणावं. दाखवलं तर जरूर माना. रुसवा, आत्मा, रुजणं असलं काही सुरू झालं, तर यंत्र वळवून त्याची पाठ बघा.