खुंट्यावरचा जड हात

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो. लांज्याजवळच्या एका वाडीत, पडवीच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. पाथरवटाने काळ्या दगडातून मला घडवलं, तेव्हा छिन्नीचे घाव सोसताना मी हूं की चूं केलं नाही. माझ्यासारख्या धोंड्याला कसली आलीये भीती, असं वाटायचं मला. पण एकोणीसशे सदतीसच्या शिमग्यात मी जो घाबरलो, तो अजून पुरता सावरलेलो नाही.

मालन या घरची सून. नवरा लवू मुंबईला गिरणीत, घरात सासू सखू. मालन पहाटे दळायला बसली की खुंटा गरगर फिरायचा, आणि गळा असा खणखणीत की शेजारणी म्हणायच्या, "हिची ओवी ऐकली का कोंबडा गप बसता." त्या कौतुकाने मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू!

त्या वर्षी मात्र काहीतरी बिघडलं. दळण निम्मं होईतो हात जड व्हायचा, ओवी नाकातून यायची, शब्द बोबडे व्हायचे. जरा टेकली की पुन्हा ठीक. सकाळी हसतीबोलती बाई, पण दिवेलागणीला तिच्या पापण्या उचलत नसत आणि पेज गिळताना ठसका लागे. हा आळस नव्हे, हे मला तिच्या हातावरून कळत होतं. पण दगडाचं ऐकतो कोण?

सखू आधी चिडली, मग भ्याली. "तिनसांजेला येता नि सकाळी जाता, मंजे भूतच ता!" म्हणत तिने धोंडू भगताला बोलावलं.

धोंडू म्हणाला, "भूत दमल्याबिगर सोडीत नाय. उद्या तिनसांजेला हिला पायलीभर नाचणी दळायला बसवा. हात थांबू देव नुको."

पायलीभर! मला धडकीच भरली. दळूनच जिचा जीव जातोय, तिला आणखी दळायला लावायचं? आणि तेही माझ्यावरच?

लवू शिमग्याला त्याच रात्री घरी आला. बायकोकडे बघून हबकला आणि उजाडताच डॉक्टर आणायला लांज्याला पळाला. तो परतला नव्हता, तोच सांज झाली आणि मालनला माझ्यापुढे बसवलं.

थोड्याच वेळात तिचा आवाज गेला. मग मान छातीवर पडली. श्वास तर इतका तोकडा झाला, की मला फक्त माझीच घरघर ऐकू येत होती. सखू रडत होती, तरी सुनेच्या हातावर हात ठेवून मला फिरवत होती. "दळ गो बाय, दळ! आता सुटशील!"

अडकावं, फुटावं, काहीही करून थांबावं, असं वाटत होतं मला. पण फिरवणारा फिरवतो तसं फिरायचं, एवढंच माझ्या हाती.

"थांबवा! हात काढा तिचा!" लवूच्या मागोमाग डॉक्टर पाटणकर धावतच आत आले. त्यांनी मालनला भिंतीला टेकवून बसवलं आणि रात्रभर तिथून हलले नाहीत. तिचा श्वास चालतोय की थांबतोय, हेच सगळे ऐकत होते.

सकाळी ती बरी दिसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मालनबाई, थोडंसंच दळा, आणि ओवी म्हणा." ओवी विरत गेली, पापण्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिटत आल्या. "आता टेका." हळूहळू पापण्या वर आल्या.

"सखूबाई, भूत कधी विसाव्याला भितं का?" डॉक्टर म्हणाले. "हा आजार आहे, लाखात एखाद्याला होणारा. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पुरत नाही. शिकत असताना मी असा एकच रोगी पाहिला होता. यावर नवं औषध निघालंय, मुंबईहून मागवतो. तोवर हिला दमवू नका."

सखू सुनेजवळ सरकली. "माज्याच हातानं मारली असती गो तुला!" म्हणून तिने सुनेला कवटाळलं. औषध येईतो सखूने तिला माझ्याजवळ फिरकू दिलं नाही. पहिली सुई टोचली, आणि थोड्या वेळाने मालनने डोळे उघडून लवूला नीट हाक मारली.

मित्रांनो, तो आजार गेलेला नाही. औषधाचा जोर ओसरला की पापण्या पुन्हा जड होतात. दळण आता गिरणीवर नेतात, माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. असू दे. तुमच्या घरात कुणाचा हात अचानक जड झाला, तर त्याला आळशी म्हणू नका, झपाटलेला म्हणू नका. आधी बसवा, मग जाणत्या डॉक्टरला दाखवा.

अजूनही तिनसांज झाली की माझा जीव खालीवर होतो. मालन येऊन माझ्याशेजारी बसते, सवयीने खुंट्यावर हात ठेवते. मग चुलीपासून सखूची हाक येते, "टेक गो बाय, जरा टेक."