एक्केचाळीस उत्तरं

टिकाव कचकन रुतला आणि वर येताना मातीतून एक काळी दोरी ओढून घेऊन आला. पहिलवानीण थांबली. गड्यांच्या बरोबरीनं चर खणते म्हणून गावानं तिला ठेवलेलं हे नाव. विहिरीवरून मळ्यापर्यंत पाइप न्यायचा होता आणि जमीन उन्हानं विटेसारखी झाली होती.

दोरीच्या तुटक्या टोकातून केसाएवढ्या काचेच्या काड्या डोकावत होत्या. "कुणाची ब्याद आणि माझ्या रानात!" म्हणत तिनं ती बाजूला सारली.

थोड्या वेळानं बांधावरून मास्तर धापा टाकत आले. "बाई, काय तोडलंत? शाळेतलं इंटरनेट गेलं!"

"मी माझं रान खणतेय. शाळा कुठं, मी कुठं!"

"अहो, या काचेतून उजेड पळतो. लांबच्या मशीनमधून प्रश्न येतात, पोरांची उत्तरं त्याच वाटेनं परत जातात. परीक्षा चालू होती, बाई!"

तिच्या हातातला टिकाव गळाला. नर्सिंगच्या प्रवेशाच्या त्या परीक्षेला तिचीच पोरगी बसली होती. दोन वर्षं शाळेच्या कॉम्प्युटरवर धडे ऐकायची आणि गुरांमागं फिरताना अंगातली हाडं पाठ म्हणायची.

"शाळेची वायर रानातून नेली तेव्हा कंबरभर खोल पुरलीय म्हणाले होते हो. ही तीच असेल असं वाटलंच नाही," ती म्हणाली.

"कंत्राटदार म्हणाला कंबरभर. पुरली वीतभर."

घरी पोरगी उंबऱ्यात बसली होती. "आई, पडदा मधेच गोठला. कुणीतरी वायर तोडली म्हणे."

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "मीच तोडली गं."

पोरगी उठून आत गेली. पुढं कितीतरी दिवस मायलेकींत कामापुरतंही बोलणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वायरमन जोडणीला आला. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. "तुटायच्या आधी गेलेल्या उत्तरांचं काय झालं?"

"गेली ती पोचली, मावशी. बाकीची राहिली."

पुन्हा परीक्षा घ्या म्हणून मास्तरांनी दोनदा अर्ज केला. परीक्षा वर्षातून एकदाच, एवढंच उत्तर आलं.

महिन्यानं निकाल लागला. मास्तर अंगणात उभे राहून मोबाइलवर वाचू लागले, "हिची शंभरातली एक्केचाळीस उत्तरं पोचली. पास व्हायला साठ लागतात."

पोरगी उठून आत जायला निघाली.

"त्यातली चुकली किती?" पहिलवानिणीनं विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एकही नाही."