ढोलीतल्या बेडकाची हाक

मित्रांनो, मी एक बेडूक आहे. खरं तर ‘होतो’ म्हणायला हवं, कारण माझ्या जातीचं आता कुणीच उरलेलं नाही.

पेठ गावाकडच्या एका डोंगरावर देवराई होती. तिथल्या जांभळाच्या ओल्या ढोलीत माझा जन्म झाला. तळ्यातल्या बेडकांची पिल्लं आधी शेपटीवाली असतात. आमचं तसं नव्हतं. शेवाळावर साबुदाण्याएवढं अंडं, आणि त्यातून थेट चार पायांचं पिल्लू! बाहेर आलो तेव्हा ढग रानात शिरले होते. पानापानातून पाणी ठिबकत होतं. शेकडो बेडूक ‘टक्‌ टक्‌’ करत एकमेकांना हाका मारत होते. ते पाहून मी कितीतरी वेळ हललोच नाही.

आमची कातडी फार पातळ. पाणी पिणं तिच्यातूनच, श्वासही बराचसा तिच्यातूनच. पुढे डोंगरावर रस्ता आला. रस्त्यावरून ट्रक आले आणि देवराईतली झाडं भरून घेऊन गेले. सावली गेली, शेवाळ करपलं. एकेका उन्हाळ्यात माझी भावंडं सुकत गेली.

दोन हजार सालाच्या सुमारास खालच्या वाडीतला निवृत्ती आणि त्याची बायको सावित्रीबाई आमच्या जांभळापाशी आले. त्यांना नव्या घराला तुळई हवी होती. निवृत्तीनं कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात मी हाक मारली.

“आवो, थांबा! ढोलीत कोण वरडतंय?” सावित्रीबाई म्हणाली.

“पाखरू आसंल.”

सावित्रीबाईनं वाकून पाहिलं. “आगं बया! बेडूक हाय, नखाएवढा. आन्‌ आवाज बघा केवढा!”

माझा गळा बुडबुड्यासारखा फुगला होता. धिप्पाड निवृत्तीही वाकून बघत राहिला.

“कुनाला बोलावतोय गं?”

“आपल्या मानसाला. दुसरं कुनाला?”

निवृत्तीनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. “ऱ्हाऊ दे. तुळई दुसरीकडनं बघू.”

त्या झाडाला मग कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात सावित्रीबाई झऱ्याचं पाणी आणून ढोलीत शिंपडायची. मी आणखी काही पावसाळे जगलो. ढग उतरले की सारा जीव गळ्यात आणून हाक मारायचो आणि वाट पाहायचो. पण त्या अख्ख्या डोंगरावर माझ्या जातीची एकही मादी उरली नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही रानात कुणीतरी हाक मारत असेल. त्याला ओ देणारं कुणी आहे, तोवरच कुऱ्हाड थांबवा.